डेंग्यूचा रिपोर्ट आणि मॅन्टू चाचणी: संसर्ग आणि आजार, अँटिजेन आणि अँटिबॉडी यांत नेमका फरक काय?

प्रश्न: बचतगट_पूर्वभाग, सोलापूर

नमस्कार. गेल्या महिन्याभरात आमच्या घरात दोन वेगवेगळ्या कारणांनी तपासण्या झाल्या असून त्या कागदांवरील शब्दांवरून घरात रोज वाद होत आहेत. जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिला कागद माझ्या दिरांचा आहे. ताप येऊन सहावा दिवस होता, तेव्हा रक्त तपासले. डेंग्यूच्या रकान्यात एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह असे आले. त्याच रक्तावर टायफॉइडसाठीची विडाल चाचणीही झाली आणि तिच्यात एकास ऐंशी असा आकडा आला. एक नातेवाईक म्हणतात की एनएस१ निगेटिव्ह असल्यामुळे डेंग्यू नाहीच. दुसरे म्हणतात की दोन ठिकाणी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे डेंग्यू दुप्पट आहे. आणि शेजारच्यांनी तर टायफॉइडच्या गोळ्या सुरू करण्याचा सल्लाही देऊन टाकला.

दुसरा कागद माझ्या जावेच्या चार वर्षांच्या मुलीचा आहे. आमच्या सासूबाई अनेक वर्षे घरी बसून विड्या वळतात. त्यांचा खोकला जाईना म्हणून थुंकी तपासली, तेव्हा फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि त्यांचे उपचार सुरू झाले. त्यानंतर घरातील सगळ्यांची तपासणी झाली. मुलीची मॅन्टू चाचणी (टीबीच्या संसर्गासाठी हातावर टोचून करतात ती) पॉझिटिव्ह आली, पण छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तिला खोकला नाही आणि तिचे वजनही कमी झालेले नाही. डॉक्टर म्हणाले, “हिला संसर्ग आहे, आजार नाही,” आणि सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. जाऊबाईंचे म्हणणे असे की टीबी नाही म्हणता तर टीबीच्या गोळ्या कशासाठी, आणि जन्मतः बीसीजी दिले होते, दंडावर व्रणही आहे, तर मग हे झालेच कसे? त्यांनी अजून गोळ्या सुरू केलेल्या नाहीत.

आमच्या बचत गटातील निम्म्याहून अधिक बायका विडी कामगार आहेत आणि त्यांच्याही घरांत असेच प्रश्न निघतात. त्यामुळे उत्तर सोपे असावे, परंतु सोपे करण्याच्या नादात चुकीचे होऊ नये, एवढीच अपेक्षा.

उत्तर १: प्रयोगशाळा_तंत्रज्ञ, सोलापूर

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे पहिल्या कागदाबद्दल लिहितो. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी लिहिणे योग्य होईल.

रक्ताच्या अशा चाचण्या मुळात दोन जातींच्या असतात, आणि आपल्या हातातील चाचणी कोणत्या जातीची आहे हे ओळखले की अर्धा गोंधळ मिटतो. पहिल्या जातीची चाचणी जंतूचा स्वतःचा अंश शोधते. या अंशाला अँटिजेन किंवा प्रतिजन म्हणतात. दुसऱ्या जातीची चाचणी जंतू शोधतच नाही. जंतूला पाहून आपल्या शरीराने जी प्रथिने तयार केली, ती शोधते. ती प्रथिने म्हणजे अँटिबॉडी किंवा प्रतिपिंडे. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन आहे, म्हणून ती अँटिजेनची चाचणी झाली. आयजीएम आणि आयजीजी ही शरीराची निर्मिती आहे.

आता दिवसांचा हिशेब पाहावा. एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकते, आणि साधारण पाचव्या दिवसानंतर ते सापडण्याची शक्यता घटत जाते. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते आणि दोन-तीन महिने टिकते. आयजीजी पहिल्यांदाच डेंग्यू होत असेल तर पहिला आठवडा सरता सरता हळूहळू वाढते आणि पुढे वर्षानुवर्षे राहते. परंतु पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला असेल तर दुसऱ्या वेळी ती सुरुवातीच्या दिवसांतच जोराने वर येते. आपल्या दिरांचे रक्त सहाव्या दिवशी घेतले आहे. तोवर एनएस१ ओसरलेले असणे स्वाभाविक आहे, आणि पूर्वी लागण झालेल्या माणसात ते आणखी लवकर दिसेनासे होते, कारण आधीपासून तयार असलेली प्रतिपिंडे त्याला चिकटून बसतात. म्हणून एनएस१ निगेटिव्ह आहे एवढ्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. आयजीएम अलीकडची लागण सांगते. सहाव्याच दिवशी तिच्याबरोबर आयजीजीही असणे हे बहुधा दुसऱ्यांदा झालेल्या लागणीकडे बोट दाखवते. “दुप्पट डेंग्यू” असा काही प्रकार नाही.

एक गोष्ट मात्र कागद पुन्हा काढून पाहावी. चाचणी रॅपिड कार्डवर झाली की एलायझा पद्धतीने, म्हणजे प्रयोगशाळेत यंत्रावर मोजून, हे त्यावर लिहिलेले असते. कार्डवरील चाचणीत रक्तातून वेगळा केलेला सीरम थेंबभर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर ती पट्टीच बाद धरावी लागते. या कार्डांमुळे वेळ वाचतो, पण सरकारी कार्यक्रमात डेंग्यूची नोंद पक्की धरण्यासाठी एलायझा चाचणीच मानली जाते.

विडालबद्दल मला थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे या चाचणीमुळे जेवढी अनावश्यक औषधे पोटात जातात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने जात असतील. ही १८९६ सालची पद्धत आहे. रुग्णाचा सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत जातो: एकास वीस, एकास चाळीस, एकास ऐंशी, एकास एकशे साठ, असे; आणि प्रत्येक नळीत टायफॉइडच्या जिवाणूचा मारलेला अंश घालून कोणत्या पातळीपर्यंत गुठळ्या धरतात ते पाहतो. ज्या शेवटच्या नळीत गुठळ्या दिसतात तो आकडा रिपोर्टवर जातो. म्हणजे ही चाचणीही प्रतिपिंडांचीच आहे. जिथे टायफॉइड नेहमी होत असतो अशा भागात निरोगी माणसांच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडे असतात. पूर्वीची लस किंवा दुसरा एखादा संसर्ग यांमुळेही आकडा वर जातो. एकास ऐंशी या एकट्या आकड्यावर टायफॉइडचे निदान ठरत नाही. खरोखरच शंका असेल तर पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, ब्लड कल्चर करून घ्यावे. त्यात प्रत्यक्ष जिवाणू वाढवून पाहतात, आणि त्यावर कोणते औषध लागू पडते हेही कळते. शिवाय डेंग्यू हा विषाणूचा आजार आहे आणि अँटिबायोटिके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू करू नयेत.

उत्तर २: छातीरोग_निवृत्त

वरील उत्तर अचूक आहे. मी सोलापुरात क्षयरोगाचे रुग्ण दीर्घकाळ पाहिलेले आहेत, आणि जाऊबाईंचा प्रश्न माझ्यासमोर अनेक आयांनी मांडलेला आहे. तो प्रश्न अतिशय रास्त आहे.

संसर्ग म्हणजे जंतू शरीरात शिरून तेथे टिकून राहणे. आजार म्हणजे त्या जंतूंमुळे शरीराच्या एखाद्या भागाची हानी होऊ लागणे आणि लक्षणे दिसणे. बऱ्याच रोगांत या दोन पायऱ्या इतक्या लागोपाठ येतात की त्यांतील फरक लक्षातही येत नाही. क्षयरोगात मात्र त्यांच्यामध्ये महिने, वर्षे, कधी कधी संपूर्ण आयुष्य जाते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी ज्या जिवाणूचा शोध जाहीर केला, तो श्वासावाटे फुफ्फुसात पोहोचला की प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन त्याला वेढून ठेवतात. जिवाणू मरत नाही, पण वाढतही नाही. या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा व्यक्तीच्या थुंकीत जंतू नसतात, ती कोणालाही आजार देत नाही, आणि तिचा एक्स-रे स्वच्छ असतो. आपल्या पुतणीची स्थिती हीच आहे. तिला जवळ घ्यायला, तिच्याबरोबर जेवायला किंवा तिला बालवाडीत पाठवायला काहीही हरकत नाही, आणि घरात तिचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे तर मुळीच कारण नाही.

मग औषध का? ज्यांच्या शरीरात असा सुप्त संसर्ग आहे त्यांतील सुमारे ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. पाच वर्षांखालील मुलांत हा धोका त्याहून बराच जास्त असतो, तो पहिल्या एक-दोन वर्षांतच उभा राहतो, आणि त्यांच्यात क्षयरोग मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सर्व शरीरभर पसरण्याची भीती असते. म्हणूनच ज्या घरात फुफ्फुसाच्या टीबीचा रुग्ण आहे तेथील पाच वर्षांखालील मुलांना, त्यांना आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध द्यावे असा नियमच आहे; त्यासाठी मॅन्टू पॉझिटिव्ह येण्याची वाटही पाहावी लागत नाही.

“आजार नाही याची खात्री करून” हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. प्रतिबंधासाठी सहा महिने बहुधा आयसोनियाझिड हे एकच औषध वजनाच्या प्रमाणात देतात. आजार झालेल्या रुग्णाला मात्र सुरुवातीला चार औषधे एकत्र द्यावी लागतात, कारण त्याच्या शरीरात जिवाणूंची संख्या प्रचंड असते आणि त्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे तरी असतातच. एकच औषध दिले तर नेमके तेच मागे उरून वाढतात. म्हणून आजीच्या डब्यातील गोळ्या नातीला देणे किंवा नातीच्या गोळ्या दुसऱ्या कुणी खोकणाऱ्याला देणे, ही दोन्ही कामे धोक्याची आहेत. मुलीची गोळी सुरू असताना तिची भूक अचानक गेली, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

बीसीजीबद्दलचा आक्षेप वारंवार ऐकू येतो. ही लस लहान मुलांना क्षयरोगाच्या भयंकर प्रकारांपासून, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्व शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून, चांगले संरक्षण देते. जंतू शरीरात शिरूच नये किंवा मोठेपणी फुफ्फुसाचा टीबी होऊच नये, याची हमी ती देत नाही. दंडावरचा व्रण लस दिल्याची खूण आहे. तेवढ्यावरून संसर्ग होणार नाही असे मानू नये.

आता मॅन्टूविषयी. येथे प्रतिपिंडांचा संबंध नाही. हाताच्या आतल्या बाजूला त्वचेमध्ये जंतूच्या प्रथिनांचा अंश अगदी थोड्या प्रमाणात टोचतात, आणि पूर्वी या जंतूशी ज्यांची गाठ पडलेली आहे अशा टी पेशी तेथे जमा होऊन त्वचा टणक होते. ४८ ते ७२ तासांनी तो टणकपणा बोटाने चाचपून मिलिमीटरमध्ये मोजतात. भोवतालची लाली मोजायची नसते, आणि लालीच मोजून घाबरलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. ही चाचणी संसर्ग झालेला आहे एवढेच सांगते. आजार आहे की नाही ते लक्षणे, एक्स-रे आणि थुंकी यांवरून ठरवायचे असते.

याच संदर्भात एक माहिती आपल्या गटाला अवश्य द्यावी. एके काळी टीबीसाठी रक्तातील आयजीएम-आयजीजी तपासण्याची पद्धत खासगी प्रयोगशाळांत सर्रास चालत असे. जिथे असंख्य लोकांच्या शरीरात सुप्त संसर्ग आहे तिथे ही प्रतिपिंडे आजारी माणसाला निरोग्यापासून वेगळे करू शकत नाहीत. परिणामी कित्येकांना नसलेल्या टीबीचे औषध मिळाले आणि कित्येक खरे रुग्ण सुटून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या चाचण्या वापरू नयेत असे सांगितले आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. डेंग्यूमध्ये उपयोगी पडणारी अँटिबॉडी टीबीमध्ये निरुपयोगी कशी ठरते, हे यावरून दिसते: रक्तात प्रतिपिंड सापडणे म्हणजे शरीराची त्या जंतूशी गाठ पडली होती एवढेच, ती कालची की दहा वर्षांपूर्वीची, आणि तिच्यातून आजार झाला की नाही, हे प्रत्येक रोगाच्या चालीवरून ठरवावे लागते.

सासूबाईंबद्दल एवढेच सांगतो की टीबी तंबाखूने होत नाही, जंतूनेच होतो; परंतु कोंदट खोली, अपुरे खाणे, धूम्रपान आणि मधुमेह यांमुळे त्या जंतूला वाट मिळते. त्यांची साखर तपासलेली नसेल तर तपासून घ्यावी. उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १००० रुपये पोषणासाठी खात्यात जमा होतात; ते मिळत नसतील तर आरोग्य केंद्रात बँक खात्याची नोंद झाली आहे का, ते विचारावे.

उत्तर ३: अक्कलकोट_वाचक

वाचून पुष्कळ कळले. माझी एक शंका आहे. हे सगळे शेवटी प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळेच होते ना? मग काढे आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर घेतली तर डेंग्यूसारख्या आजारात उपयोग होत नाही का?

उत्तर ४: छातीरोग_निवृत्त

प्रतिकारशक्ती म्हणजे कमी-जास्त करता येईल अशी एकच गोष्ट नव्हे. ती अनेक पेशी आणि प्रथिने यांची एकत्रित यंत्रणा आहे, आणि तिचा प्रतिसाद जोरदार असला म्हणजे तो हितकारकच असतो असे नाही. डेंग्यू हेच त्याचे ठळक उदाहरण आहे. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास जुनी प्रतिपिंडे त्या नव्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने तो पेशींमध्ये अधिक सहज शिरतो. म्हणूनच दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते, आणि म्हणूनच ताईंच्या दिरांच्या कागदावरील आयजीजी दुर्लक्षून चालणार नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्यात कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूने आधी जुलाब होतात, आणि त्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नंतर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. तेथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. पुरेसे जेवण, झोप, साखर ताब्यात असणे आणि वेळेवर लसी, यांचा उपयोग निश्चित आहे. पावडरीने डेंग्यू टळतो किंवा लवकर बरा होतो, असे मी कोणालाही सांगणार नाही.

डेंग्यूच्या रुग्णाच्या घरी खरे लक्ष द्यायचे ते ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, कमालीची मरगळ, यांपैकी काहीही दिसले तर रात्र आहे म्हणून थांबू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन देऊ नये.

उत्तर ५: परिचारिका_लसीकरण

मी लसीकरणाचे काम करते, म्हणून बचत गटातील बायकांना सांगण्यासारखे थोडे जोडते. प्रतिकारशक्ती शरीर स्वतः तयार करते तेव्हा तिला सक्रिय म्हणतात आणि तयार प्रतिपिंडे बाहेरून मिळतात तेव्हा निष्क्रिय म्हणतात. कुत्रा चावलेल्या माणसाकडे पाहिले की दोन्ही एकदम समजतात. लस दिल्यानंतर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून खोल जखम असेल तर तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडे असलेले सीरम थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. सीरमचा परिणाम लगेच होतो, पण काही आठवड्यांत संपतो. लसीचा परिणाम उशिरा येतो, पण टिकतो. त्यामुळे “सीरम दिले, आता पुढचे डोस कशाला?” असे म्हणून सुया अर्धवट सोडणे जिवावर बेतते. बाळाला आईच्या नाळेतून आणि चिकाच्या दुधातून मिळते तीही निष्क्रिय प्रतिकारशक्तीच आहे, म्हणून पहिला चीक पिळून टाकू नये.

गोवरच्या बाबतीत अधिशयन काळाचा शब्द समजावून सांगावा. जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा हा काळ गोवरमध्ये साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. मूल इतरांना गोवर देऊ शकते तो काळ निराळा: पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत. म्हणजे अंगावर काही दिसण्यापूर्वीच ते वर्गात, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, एसटीत इतरांना लागण देत असते. आपल्याकडे पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्याहून लहान बाळांचा बचाव भोवतालच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावरच अवलंबून असतो. गोवर इतका वेगाने पसरतो की त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांदरम्यान असतो आणि तोच अनेकदा राहून जातो. गटाच्या बैठकीत प्रत्येकीने घरचे लसीकरण कार्ड आणले, तर कोणाचे काय राहिले आहे ते तेथेच दिसेल.

प्रश्नकर्त्या: बचतगट_पूर्वभाग

सर्वांची मनापासून आभारी आहे. जाऊबाईंना डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून दाखवले आणि मुलीच्या गोळ्या आज सकाळपासून सुरू केल्या. दिरांना ताप नाही, लघवी व्यवस्थित आहे, तरीही उद्या पुन्हा रक्त तपासण्यास सांगितले आहे. एकच विचारायचे राहिले. घरात एकाला डेंग्यू झाला, तर बाकीच्यांनी आत्ताच रक्त तपासून घ्यावे का?

उत्तर ६: प्रयोगशाळा_तंत्रज्ञ, सोलापूर

ताप नसेल तर तपासू नये, ताई. निरोगी माणसाच्या रक्तात जुनी आयजीजी सापडेल आणि विनाकारण घबराट होईल. त्या पैशांत बॅरलना घट्ट बसणारी झाकणे घ्यावीत. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, तो एडिस डासामार्फत पसरतो, आणि आपल्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे घरोघरी साठवलेले पाणी ही त्याची मुख्य जागा आहे. अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. बॅरल आतून काथ्याने घासूनच पुन्हा भरावे. दिवसा डास चावू नयेत यासाठी दिरांना दुपारीही मच्छरदाणीत झोपवावे. आणि घरात कुणाला नवा ताप आलाच, तर रक्त द्यायला येताना ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते फॉर्मवर लिहून आणावे. बहुतेक फॉर्मवर तो रकाना रिकामा असतो, आणि तो भरल्याशिवाय एनएस१ करायचे की आयजीएम, हे आम्हाला ठरवता येत नाही.